पेशीपटलातील छिद्रे: दाह कुठे भडकतो आणि औषध कुठे घालायचे

प्रश्न असा आहे: "सेप्सिसमध्ये आपल्याच पांढऱ्या पेशी स्वतःच्या पटलाला भोके पाडून फुटतात आणि त्यातून दाह भडकतो, असे वाचले. अशी प्रथिने शरीराने ठेवलीच कशाला? आणि ती औषधाने बंद केली तर दाहाचे आजार बरे होतील का?"

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते. काही आजारांत तसे होण्याची चांगली शक्यता आहे. जिवंत जंतू अंगात असताना मात्र हा उपाय उलटू शकतो. सेप्सिसबाबत, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादाने अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेबाबत, सध्या तरी उत्तर "नाही" असेच आहे. असे का, हे कळायला एक गैरसमज आधी बाजूला ठेवावा लागतो. छिद्र पडणे आणि पेशी मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पुस्तकातल्या आकृतीत त्या एकाच बाणाने जोडलेल्या असतात, म्हणून वाचणाराही त्या एकच धरून चालतो. या दोहोंच्या मध्ये बरेच काही घडते, आणि माझ्या मते या विषयातला सगळा रस आणि उपचाराची बरीचशी आशा त्या मधल्या जागेतच आहे.

मुख्य प्रथिन आहे गॅसडर्मिन डी. जंतूंनी ग्रासलेल्या मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) एका वेगळ्याच, दाहकारक पद्धतीने मरतात हे १९९०च्या दशकातच दिसले होते, आणि २००१ मध्ये त्या मृत्यूला पायरोप्टोसिस हे नाव मिळाले. प्रत्यक्ष घाव कोण घालतो, हे मात्र २०१५ पर्यंत उलगडले नव्हते. त्या वर्षी बीजिंगमधील फेंग शाओ यांच्या गटाने आणि जेनेन्टेक या अमेरिकन औषध कंपनीतील विश्व दीक्षित यांच्या गटाने स्वतंत्रपणे गॅसडर्मिन डीकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी ते पटलात छिद्र पाडते हे सिद्ध झाले.

त्याची रचना पाहिली की शरीराने त्याला किती जपून ठेवले आहे ते लक्षात येते. माणसातले हे प्रथिन ४८४ अमिनो आम्लांचे. पुढचा भाग छिद्र पाडणारा, मागचा भाग त्याला आवरून धरणारा आणि मध्ये एक लवचिक दुवा. मागचा भाग जागेवर आहे तोवर प्रथिन पेशीत निरुपद्रवी पडून राहते. धोक्याची सूचना मिळून कॅस्पेज-१ हे प्रथिने कापणारे एन्झाइम जागे झाले की ते २७५व्या अमिनो आम्लापाशी हा दुवा कापते. सुटलेले पुढचे तुकडे पेशीपटलाच्या आतल्या पदराला चिकटतात, कारण फॉस्फॅटिडिलसेरीन आणि पीआयपी-२ यांसारखे ऋणभारित मेद त्याच पदरात असतात. तिथे ते एकत्र येतात आणि त्यांचे कडे तयार होते. २०२१ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना दिसली, तेव्हा एका कड्यात साधारण ३३ तुकडे आणि आतला व्यास सुमारे २१ नॅनोमीटर भरला.

निरोगी पेशीच्या बाहेरच्या पदरात हे मेद जवळजवळ नसतात. त्यामुळे एखादी पेशी मरून तिचे मोकळे तुकडे बाहेर सांडले, तरी शेजारच्या धडधाकट पेशीला ते सहसा भोक पाडत नाहीत. काही जंतूंच्या पटलात मात्र कार्डिओलिपिन हा ऋणभारित मेद असतो, आणि त्याला हे तुकडे चिकटू शकतात. इतका नेमका भेद मेदांच्या मांडणीतून साधलेला पाहून मला आजही नवल वाटते.

आता त्या छिद्रातून काय बाहेर पडते ते पाहू. इंटरल्यूकिन-१ बीटा हा तापाचा आणि दाहाचा मोठा दूत. बहुतेक दूत-प्रथिने पेशीच्या नेहमीच्या निर्यात मार्गाने बाहेर पडतात. याच्याकडे त्या मार्गाचा परवानाच नाही. मग ते बाहेर येते कसे, हे कोडे कित्येक वर्षे सुटत नव्हते. उत्तर गॅसडर्मिनच्या छिद्रात होते. कापून तयार झालेले इंटरल्यूकिन-१ बीटा जेमतेम साडेचार नॅनोमीटरचे, ते या छिद्रातून सहज निसटते. शिवाय छिद्राच्या आतल्या भिंतीवर ऋणभार आहे. अजून न कापलेला, आम्लधर्मी पूर्वगामी रेणू त्यामुळे मागे ढकलला जातो आणि तयार रेणू पुढे जातो. म्हणजे हे छिद्र निवडसुद्धा करते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पेशी न फुटताही दाहाचा संदेश बाहेर जाऊ शकतो. काही मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी (जंतूची ओळख टी-पेशींना करून देणाऱ्या) छिद्रे पडूनही जिवंत राहतात आणि इंटरल्यूकिन-१ सोडत राहतात. न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी तर अनेकदा पूर्ण पायरोप्टोसिसपर्यंत जातच नाहीत. छिद्रातून बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि तीच दुरुस्तीची हाक ठरते. एस्कॉर्ट-३ नावाचा प्रथिनसंच छिद्रे पडलेला पटलाचा तुकडा बुडबुड्यासारखा बाहेर काढून छाटून टाकतो. छिद्रे थोडी असतील तर पेशी सावरते. ती भराभर आणि पुष्कळ पडली तर दुरुस्ती मागे पडते.

दुरुस्ती हरली की पेशी फुगते. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. फुगल्यावर ती फुटते कशी, याचे उत्तर मात्र २०२१ मध्ये बदलले. पाणी आत शिरत राहते आणि जास्त हवा भरलेल्या फुग्यासारखे पटल आपसूक टरकते, अशी आमची सर्वांची समजूत होती. मग दीक्षित यांच्या जेनेन्टेकच्याच गटातून निंजुरिन-१ या छोट्या प्रथिनाचा शोध पुढे आला. ते पटलात आधीपासून असतेच. मरणाऱ्या पेशीत त्याचे रेणू एकमेकांना बिलगून लांब साखळ्या करतात आणि पटल फाडतात. ज्या उंदरांत हे प्रथिन नाही, त्यांच्या मॅक्रोफेज पेशींना गॅसडर्मिनची छिद्रे पडतात, इंटरल्यूकिन-१ बाहेर येते, पेशी मरतेसुद्धा, पण फुगलेली तशीच राहते, फाटत नाही. फाटली नाही म्हणून तिच्यातला मोठा ऐवज आतच राहतो. एलडीएच हे सुमारे १४० किलोडाल्टनचे एन्झाइम आणि एचएमजीबी-१ सारखे धोकासूचक रेणू प्रामुख्याने या शेवटच्या फाटण्यातून बाहेर पडतात.

म्हणून मी विद्यार्थ्यांना या प्रक्रियेच्या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवायला सांगते: कापणे, छिद्र पडणे आणि फाटणे. पहिल्या दोन पायऱ्यांत संदेश तयार होऊन बाहेर जातो, तिसऱ्या पायरीत पेशीचा सारा ऐवज ऊतीत सांडतो. कोणता आजार कोणत्या पायरीवर जास्त अवलंबून असतो, हे ठरवल्याशिवाय औषधाची चर्चा पुढे जात नाही.

शरीराने हा पसारा ठेवला कशाला? जंतू पेशीच्या आत लपतात म्हणून. पेशीत शिरलेल्या साल्मोनेला, शिगेला किंवा बर्कहोल्डेरियाला प्रतिपिंडे गाठू शकत नाहीत. आसरा देणारी पेशीच मोडून टाकली की जंतू उघडा पडतो आणि भोवती जमलेले न्यूट्रोफिल त्याला संपवतात. गॅसडर्मिन डी नसलेले उंदीर अशा कित्येक जंतूंपुढे लवकर हरतात. जंतूंनाही या यंत्रणेची किंमत कळलेली आहे. शिगेलाचे एक प्रथिन माणसातल्या, याच कुळातल्या गॅसडर्मिन बीला नष्ट करायला लावते. इतकेच काय, जीवाणूंमध्येही गॅसडर्मिनसारखी प्रथिने असल्याचे २०२२ मध्ये दिसले. विषाणूचा संसर्ग झाला की तो जीवाणू स्वतः मरतो आणि वसाहत वाचते. ही यंत्रणा आपल्यापेक्षा फार फार जुनी आहे.

छिद्रे जंतूही पाडतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे अल्फा टॉक्सिन सात तुकड्यांचे अरुंद नळकांडे पटलात खुपसते. स्ट्रेप्टोकॉकसचे स्ट्रेप्टोलायसिन ओ आणि न्यूमोकॉकसचे न्यूमोलायसिन कोलेस्टेरॉल धरून २५ ते ३० नॅनोमीटरची मोठी कडी करतात. घसादुखीनंतर सांधे सुजलेल्या मुलाची एएसओ तपासणी करतो, तेव्हा आपण याच स्ट्रेप्टोलायसिन ओविरुद्धची प्रतिपिंडे मोजत असतो. पेशीत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम चार. परक्या छिद्रातून ते बाहेर ओघळले की एनएलआरपी-३ हा संवेदक ते ओळखतो आणि इन्फ्लमासोम जुळतो. इन्फ्लमासोम म्हणजे कॅस्पेज-१ जागे करणारा मंच, ही कल्पना युर्ग चॉप यांच्या गटाने २००२ मध्ये मांडली. थोडक्यात, जंतूने पाडलेले छिद्र पेशीला स्वतःचे छिद्र पाडायला लावते.

हा मंच विनाकारण पेटला तर काय होते, ते जन्मजात आजारांत स्पष्ट दिसते. एनएलआरपी-३ जनुकातल्या बदलांमुळे बाळपणापासून ताप, अंगावर पित्तासारखे चट्टे, सांधेदुखी आणि पुढे बहिरेपण येते. या कुटुंबातल्या आजारांना एकत्रितपणे कॅप्स म्हणतात. अशा रुग्णाला इंटरल्यूकिन-१ रोखणारे अनाकिनरा किंवा कॅनाकिनुमॅब दिले की ताप आणि चट्टे काही दिवसांत, कधी काही तासांत ओसरतात. आजाराचे मूळ एकाच दूतात असल्याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो. या आजाराच्या आणि फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर या दुसऱ्या आनुवंशिक तापाच्या उंदीर-नमुन्यांत गॅसडर्मिन डी काढून टाकले, तर आजार मोठ्या प्रमाणात टळतो. संधिवातातल्या गाउटमध्येही युरेटचे स्फटिक हाच एनएलआरपी-३ पेटवतात. म्हणून सुरुवातीला "चांगली शक्यता आहे" म्हटले ते या गटाबद्दल. इथे मारायला जंतू नाही, यंत्रणा निष्कारण चालू आहे.

आता सेप्सिस. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातले विष, एलपीएस, पेशीच्या आत पोहोचले की माणसात कॅस्पेज-४ आणि ५, उंदरात कॅस्पेज-११ त्याला थेट पकडतात आणि गॅसडर्मिन डी कापतात. गॅसडर्मिन डी नसलेल्या उंदरांना घातक मात्रेचे एलपीएस टोचले तरी बरेच जगतात. हे वाचून कुणालाही वाटेल की औषध सापडले. पण त्या प्रयोगात जिवंत जंतू नसतो, आणि विष केव्हा टोचले ते घड्याळ लावून ठाऊक असते. अतिदक्षता विभागात येणारा रुग्ण कित्येक तास, कधी दिवस उलटल्यावर येतो. त्याच्या अंगात जंतू वाढत असतात आणि प्रतिकारशक्तीचा एक भाग भडकलेला तर दुसरा थकलेला असतो. १९९०च्या दशकात सेप्सिसमध्ये इंटरल्यूकिन-१ रोखण्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि एकूण रुग्णांमध्ये मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. तो अनुभव विसरून पुढे जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. गॅसडर्मिन रोखणारे औषध सेप्सिसमध्ये कधी उपयोगी पडलेच तर ते योग्य प्रतिजैविक चालू असताना, निवडक रुग्णांत, ठरावीक वेळेत पडेल.

सगळी छिद्रे दाह वाढवतातच असेही नाही, आणि हा मुद्दा हमखास निसटतो. मारक टी-पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी पर्फोरिन हे प्रथिन वापरतात. विषाणूने ग्रासलेल्या पेशीला चिकटून त्या पर्फोरिन सोडतात, ते पटलात छिद्र करते आणि त्या वाटेने ग्रॅन्झाइम ही मारक एन्झाइमे आत जातात. ज्या बाळांत पर्फोरिनच जन्मतः सदोष असते, त्यांच्यात दाह कमी व्हायला हवा असे वाटेल. होते उलटे. त्यांना हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस होतो: न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा, घसरत जाणाऱ्या रक्तपेशी, हजारोंच्या घरात गेलेले फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन). पर्फोरिन जनुकाचा दोष हे त्याचे एक कारण असल्याचे १९९९ मध्ये समजले.

कारण असे की मारक पेशीने समोरच्या पेशीला मारले की दोघींचा संपर्क तुटतो आणि काम संपते. छिद्रच पडत नसेल तर लक्ष्य मरत नाही, संपर्क लांबत जातो आणि तेवढा वेळ मारक पेशी इंटरफेरॉन गॅमा हा दाहाचा दूत ओतत राहते. त्याने मॅक्रोफेज चवताळतात. उपचारात डेक्सामेथासोन आणि इटोपोसाइडने आग आटोक्यात आणावी लागते, इंटरफेरॉन गॅमा रोखणारे इमापालुमॅब २०१८ पासून उपलब्ध आहे, आणि जन्मजात प्रकारात शेवटी मूळपेशी प्रत्यारोपण लागते. "छिद्र पाडणारी प्रथिने बंद करू" असे सरसकट म्हणणाऱ्याने हा एक आजार आधी डोळ्यांपुढे आणावा.

कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या जंतुनाशक प्रथिनसंचाचे उदाहरण त्याहून व्यवहाराचे, कारण तिथे छिद्र रोखणारे औषध आपण वर्षानुवर्षे वापरतो आहोत. रक्तातली सी५बी ते सी९ ही प्रथिने जुळून जंतूच्या पटलात सुमारे दहा नॅनोमीटरचे छिद्र करतात. आपल्या पेशींवर सीडी-५९ हे प्रथिन शेवटचे जुळणे अडवते. पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) या आजारात तांबड्या पेशींना हे कवच नसते आणि त्या रक्तवाहिन्यांतच फुटतात. एक्युलिझुमॅब हे औषध सी५ला अडवते. २००७ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि या रुग्णांचे आयुष्यच पालटले. त्याची किंमतही लगेच दिसली: मेनिंगोकॉकस या मेंदूज्वर करणाऱ्या जीवाणूच्या संसर्गाचा धोका हजार पटींहून अधिक वाढतो. एक छिद्र बंद केले की कोणता जंतू मोकळा सुटेल, हे इथे नावानिशी सांगता येते. गॅसडर्मिनच्या औषधांबाबतही हाच हिशेब मांडावा लागेल.

नेक्रोप्टोसिस या पेशीमृत्यूच्या आणखी एका प्रकारातले एमएलकेएल हे प्रथिनही पटल भेदणाऱ्यांतच धरले जाते. विषाणूने कॅस्पेज-८ अडवले तर आरआयपीके-३ हे एन्झाइम एमएलकेएलला फॉस्फेट जोडते आणि ते पटल भेदते. इथेही एस्कॉर्ट-३ दुरुस्तीला धावते. पटलातून पोटॅशियम ओघळले की एनएलआरपी-३ पेटतोच, म्हणजे हे मार्ग एकमेकांत मिसळलेले आहेत आणि एक अडवला तर दुसरा काम उरकू शकतो.

गॅसडर्मिन ईवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण ते कर्करोगाच्या रुग्णांशी थेट जोडलेले आहे. ते आधी बहिरेपणाचे जनुक म्हणून ठाऊक होते. १९९८ मध्ये एका डच कुटुंबात त्याचा दोष सापडला. त्या दोषात प्रथिनाचा आवरून धरणारा भाग बिघडतो, छिद्र पाडणारा भाग मोकळा सुटतो आणि ऐकू येणे हळूहळू कमी होते. २०१७ मध्ये कळले की अ‍ॅपोप्टोसिस, म्हणजे पेशीचा शांत मृत्यू, घडवणारे कॅस्पेज-३ गॅसडर्मिन ईला कापते. ज्या पेशीत गॅसडर्मिन ई भरपूर आहे, ती केमोथेरपीने शांतपणे आक्रसून मरण्याऐवजी फुगून फुटते. अनेक गाठींनी हे जनुक गप्प केलेले असते, निरोगी ऊतींत ते चालू असते. त्यामुळे औषधाने होणाऱ्या ऊतींच्या इजेचा काही भाग याच मार्गाने होतो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत केमोथेरपीची इजा कमी दिसली. दुसरी बाजूही तितकीच खरी. गाठीत गॅसडर्मिन ई परत आणले तर प्रतिकारपेशी तिच्याकडे खेचल्या जातात. कार-टी उपचारात (रुग्णाच्या टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडतात तो) तर दोन्ही एकदम दिसते, कारण ल्युकेमियाच्या पेशी या मार्गाने मरताना जे बाहेर सांडते, ते सायटोकाइन रिलीज सिंड्रोम, म्हणजे दाहदूतांचा अंगभर उद्रेक, भडकवायला हातभार लावते.

औषधांची सद्यस्थिती. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दशकानुदशके वापरलेले औषध गॅसडर्मिन डीच्या एका विशिष्ट सिस्टीनला (एका अमिनो आम्लाला) चिकटून छिद्र अडवते, असे २०२० मध्ये दिसले आणि उंदरांतल्या एलपीएस-सेप्सिसमध्ये त्याचा फायदा झाला. डायमिथाइल फ्युमरेट, मल्टिपल स्क्लेरोसिसचे औषध, तेही त्याच प्रथिनाला बदलते. ही दोन्ही औषधे इतर असंख्य सिस्टीनांनाही चिकटतात. तेव्हा "गॅसडर्मिन ब्लॉकर" म्हणून ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका. डायसल्फिराम घेताना कशातून तरी थोडेसे अल्कोहोल पोटात गेले तरी त्रास होतो, आणि ते यकृतालाही इजा करू शकते.

मला जास्त आशा तिसऱ्या पायरीची वाटते. निंजुरिन-१ ला जुळू न देणारे प्रतिपिंड २०२३ मध्ये उंदरांत यकृताची इजा कमी करताना दिसले. पेशी मरणारच असेल तर मरू दे, पण सारा ऐवज सांडू नये, आणि इंटरल्यूकिन-१ चा आवश्यक संदेश मात्र जाऊ दे, असा हा विचार आहे. तो माणसांत टिकतो का, ते चाचण्यांतूनच ठरेल. संदेश पेशीबाहेर पडल्यावर तो अडवून, म्हणजे इंटरल्यूकिन-१ रोखून, काय मिळते आणि काय जाते याचा उत्तम दाखला २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुढचे हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयजन्य मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही.

तपासण्यांबद्दलही विचारले जाते, म्हणून सांगते. रुग्णाच्या रक्तात गॅसडर्मिन मोजून उपचार ठरवावा, अशी नेहमीच्या वापरातली तपासणी नाही. एलडीएच वाढले तर कुठेतरी पेशी फुटत आहेत एवढेच कळते, कोणत्या आणि कशाने ते कळत नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा रक्तात इतके कमी आणि इतके अल्पकाळ असते की सामान्य आकडा आला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. कॅप्सचा संशय असेल तर जनुक तपासणी आणि इंटरल्यूकिन-१ रोखल्यावर मिळणारा प्रतिसाद हेच भरवशाचे. आणि तुमच्यापैकी कुणी किंवा घरातले कुणी सी५ रोखणारे औषध घेत असेल, तर मेनिंगोकॉकसच्या लसी झाल्या आहेत ना ते डॉक्टरांना विचारून घ्या. लस झालेली असली तरी ताप, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे किंवा अंगावर जांभळट डाग यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठा आणि हे औषध चालू असल्याचे दाखल होतानाच सांगा.